कुत्र्याच्या नावावर कापलेली अनामत : गोव्यात कॅराव्हॅन भाड्याने घेणाऱ्यांसाठी

गोव्यात पाळीव कुत्र्यासह फिरायचे म्हटले की राहण्याच्या जागेची अडचण सर्वांत आधी पुढे येते. पुष्कळ हॉटेले कुत्रा घेत नाहीत, जी घेतात त्यांतली काही त्याला पार्किंगमध्ये बांधून ठेवायला सांगतात, आणि म्हणून झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली कॅराव्हॅन भाड्याने घेऊन स्वतःच चालवत फिरण्याची कल्पना कुत्रा पाळणाऱ्या माणसाला लगेच पटते. या गरजेवरच डोळा ठेवून बार्देश तालुक्यातील एका कॅराव्हॅनवाल्याने आमची अनामत रक्कम कशी लाटली, ते मी इथे तपशिलाने लिहीत आहे, कारण हीच युक्ती त्याने आमच्याआधी निदान आणखी दोन कुटुंबांवर वापरली होती आणि तिचा सारा भार बोलता न येणाऱ्या जनावरावर टाकला जातो, याची मला मनापासून चीड आहे.

आम्ही राहणारे फोंड्याचे. माझे थोरले बंधू आणि वहिनी कोल्हापूरहून आले होते आणि आमच्या भुऱ्याला बरोबर घेऊन पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरावे, असा बेत होता. भुऱ्या गावठी जातीचा, वयाने प्रौढ, गाडीत शांत बसणारा कुत्रा आहे. निघण्यापूर्वी त्याला डॉक्टरांकडे नेऊन रेबीजच्या लसीची नोंद ताजी करून घेतली होती, गोचीडतापाचा धोका ध्यानात घेऊन गोचिडांवरचे औषध दिले होते आणि नखेही तिथेच कापून घेतली होती. नखांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, त्याचा संबंध पुढे येईल.

जाहिरातीतले पहिलेच छायाचित्र फसवे होते. वाळूवर, लाटांपासून हाकेच्या अंतरावर कॅराव्हॅन उभी आणि चाकाच्या सावलीत एक लॅब्राडोर झोपलेला, असे ते दृश्य होते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल किंवा गॅस मांडून स्वयंपाक केला तरी दंड होतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे तर समुद्री कासवांच्या विणीचे किनारे, तिथे हंगामात कुत्रा मोकळा सोडणे अंड्यांच्या आणि पिल्लांच्या मुळावर येते. दादाने याबद्दल फोनवर विचारले, तेव्हा "ते फक्त फोटोसाठी हो, दादा, गाडी तुम्ही शॅकच्या मागच्या भाटात लावायची" असे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीमागच्या माडांच्या बागेत लावायची, असे उत्तर मिळाले. भाड्याव्यतिरिक्त 40,000 रुपये अनामत आणि "किनाऱ्यावर कुत्रा नेण्याच्या सरकारी परवान्याचे" 2,500 रुपये त्याने आगाऊ मागितले. पैसे फर्मच्या खात्यात न घेता स्वतःच्या खात्यात यूपीआयने घेतले आणि पावती मागितल्यावर गाडी परत आली की एकदमच सगळे बिल करून देतो असे सांगितले. त्या परवान्याचा कागद शेवटपर्यंत आला नाही. पुढे आम्ही तिथल्या ग्रामपंचायतीत चौकशी केली, तेव्हा आम्ही असा कोणताही आकार घेत नाही आणि असा परवानाही देत नाही, हे कर्मचाऱ्यांनी स्पष्ट सांगितले.

गाडी ताब्यात घेताना दुसरी गोष्ट उघड झाली. पाठवलेल्या प्रत्येक छायाचित्रात नंबरप्लेट झाकलेली होती. प्रत्यक्षात ती पांढरी, काळ्या अक्षरांची, म्हणजे खासगी वाहनाची निघाली. भाड्याने देऊन ग्राहकाने स्वतः चालवायच्या वाहनाला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. खासगी वाहन परमिटशिवाय भाड्याने चालवणे हा मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 66 चा भंग असून पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. त्याहून गंभीर बाब विम्याची आहे, कारण खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही आणि अपघात घडल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. दादाने तिथल्या तिथे पैसे परत मागितले. त्यावर त्या गृहस्थाने मोबाइलवर एक अट दाखवली, जी पैसे भरण्यापूर्वी कधीच पाठवली नव्हती : ऐनवेळी बुकिंग रद्द केल्यास अनामत जप्त. वर सल्लाही दिला, की पोलिसांनी विचारले तर पाहुण्यांची गाडी आहे म्हणून सांगा. आम्ही पाटीचे, आरसीचे आणि त्या बोलण्याचेही चित्रीकरण करून ठेवले आणि गाडी घेतली.

याच वेळी त्याने दादाचा मूळ वाहन परवाना "आमच्याकडे सगळेच ठेवतात" असे म्हणून स्वतःजवळ ठेवण्याचा आग्रह धरला. विनापरवाना गाडी चालवायची कशी, असे विचारल्यावर त्याऐवजी मूळ आधार कार्ड ठेवून घेतले. गाडी दाखवताना पलंगाच्या गादीवर चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकने घट्ट बसवलेली चादर होती. मी ती उचलू लागले, तर त्याने हात आडवा घातला आणि म्हणाला, "ताई, ती काढू नका. निर्जंतुक करून बसवली आहे, उचकटली की पुन्हा सफाईचे पैसे पडतात." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी लबाडी त्या चादरीखालीच होती.

प्रवासातल्या आनंदाबद्दल इथे लिहीत नाही, मात्र एसीबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण त्यात कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. "बॅटरीवर एसी रात्रभर चालतो, कुत्र्याला आत ठेवून तुम्ही खुशाल जेवायला जा," असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्या गाडीत मागच्या वापरासाठी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची एकच बॅटरी होती. गुणाकार केला तर ती 1,800 वॅट-तास होते, त्यातली साधारण निम्मीच ऊर्जा बॅटरीला इजा न करता वापरता येते, आणि छतावरचा एसी कंप्रेसर चालू असताना 1,000 ते 1,500 वॅट खातो. म्हणजे जेमतेम तासाभराचा हिशेब. मांद्र्याला भर दुपारी नेमके तेच झाले, एसी धापा टाकत बंद पडला. सुदैवाने वहिनी भुऱ्यासोबत आतच बसल्या होत्या, त्यांनी ताबडतोब दारे उघडून त्याला माडांच्या सावलीत नेले. बाहेर 30 अंश असले तरी उन्हातल्या बंद वाहनात अर्ध्या तासाच्या आत पारा 45 अंशांच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो, आणि शरीराचे तापमान 41 अंशांवर गेले की त्याच्या जिवाला धोका असतो. बाहेरची वीजजोडणी किंवा चालू इंजिन यांच्याशिवाय असा एसी टिकत नाही, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

गाडी परत करायची वेळ दुपारी ठरली होती. आम्ही निघण्याच्या सुमारास त्याचा फोन आला, की तो कामात अडकला आहे, सातनंतर या. दादा-वहिनींचे त्याच रात्रीचे परतीचे तिकीट होते आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता, आवारात एकच मिणमिणता दिवा होता. मदतनीस मुलगा थेट पलंगाकडे गेला, त्याने ती इलॅस्टिकची चादर एका झटक्यात ओढली आणि गादीच्या उशाकडच्या कोपऱ्यावर टॉर्चचा झोत टाकला. निळ्या कापडाला काटकोनात गेलेली, वीतभर लांबीची फाट होती. "बघा, कुत्र्याने काय केले ते," असे म्हणून त्याने लगेच फोटो काढायला सुरुवात केली.

मी टॉर्च हातात घेऊन ती फाट जवळून पाहिली. तिच्या एका टोकाला पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके होते, म्हणजे कोणीतरी ती पूर्वी शिवू पाहिली होती. आतला फोम कडेने पिवळट पडला होता आणि त्याच्या छिद्रांत बारीक धूळ बसली होती. ताजा फाटलेला फोम आतून फिका आणि स्वच्छ असतो, हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडायला बराच काळ जावा लागतो. शिवाय वरच्या चादरीला एकही भोक नव्हते, मग कुत्र्याने चादर अखंड ठेवून खालची गादी फाडली कशी, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. दारावरचे ओरखडेही असेच. ते माझ्या कमरेच्याही वर होते, सगळे एकाच दिशेने, एकमेकांना समांतर आणि एकाच खोलीचे. कुत्रा दार खाजवतो तेव्हा खुणा खालच्या भागात, उंबरठ्यालगत असतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. भुऱ्याचा पंजा मी त्या दोघांसमोर धरला, नखे बोथट होती. त्या गोंधळात बिचारा भुऱ्या शेपूट पोटाशी घेऊन वहिनींच्या पायांमागे उभा होता.

हिशेब मात्र आधीच छापून तयार होता : गादीचे 18,000, दाराच्या प्लायवूडचे 9,000, खास सफाईचे 6,500 आणि गाडी दुरुस्तीत राहणार म्हणून बुडालेल्या भाड्याचे 4,000. 40,000 मधून 37,500 वजा जाऊन आम्हाला 2,500 रुपये परत. "नुकसान मान्य" असे लिहिलेल्या कागदावर सही केल्याशिवाय आधार कार्ड मिळणार नाही, असेही त्याने बजावले. दादाने सही केली, परंतु तिच्या वर मराठीत स्वच्छ लिहिले, "नुकसान मान्य नाही, अडवून ठेवलेले आधार कार्ड परत मिळावे म्हणून सही करीत आहे," आणि त्या कागदाचा फोटो घेतला. आज आमच्या तक्रारीत सर्वांत उपयोगी पडलेला कागद हाच आहे.

पुढचा धागा अगदी अनपेक्षितपणे हाती आला. भुऱ्याला कानाच्या त्रासासाठी डॉक्टरांकडे नेले असताना तिथे बसलेल्या म्हापशाच्या एका गृहस्थांशी बोलणे निघाले. कॅराव्हॅनचा विषय येताच त्यांनी मोबाइल काढून स्वतःची "नुकसानीची" छायाचित्रे दाखवली. तीच निळी गादी, तीच काटकोनी फाट, टोकाला तेच तीन पांढरे टाके. त्यांचे छायाचित्र आमच्या प्रवासाच्या कितीतरी आधीचे होते. त्यांच्या ओळखीतून बेळगावचे आणखी एक कुटुंब मिळाले, त्यांनाही हीच फाट दाखवून पैसे कापले होते. एकच गादी एका कुत्र्यानंतर दुसऱ्या कुत्र्याच्या नावावर विकली जात होती. आपल्या कुत्र्याने खरेच काही केले असेल, या संकोचाने त्या दोन्ही कुटुंबांनी वाद घातला नव्हता. कुत्रा पाळणाऱ्यांचा हा संकोचच अशा माणसांचे भांडवल असतो.

म्हणून कुत्र्यासह कॅराव्हॅन घेणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की पैसे देण्यापूर्वी गाडीचा क्रमांक मागावा आणि एमपरिवहन अ‍ॅपवर वाहनाचा वर्ग, विमा व फिटनेसची मुदत पाहावी. क्रमांक द्यायला खळखळ करणाऱ्याशी पुढे बोलूच नये. गाडी घेताना चादर, उशा, पायपुसणी सगळे काढून, गादी उलटीपालटी करून, दिवसाउजेडी चित्रीकरण करावे आणि त्यात मालकाचा आवाज येईल असे पाहावे. मालकाने हरकत घेतली तर ती हरकतही चित्रित व्हावी. परत करण्याची वेळ उजेडातली आणि लेखी असावी. मूळ ओळखपत्र कोणाच्याही हवाली करू नये, छायाप्रत पुरेशी आहे.

पैसे गेल्यावरही मार्ग आहेत. गाडी अस्तित्वातच नव्हती आणि केवळ ऑनलाइन पैसे उकळले, असा प्रकार असेल तर विनाविलंब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करावी, जितक्या लवकर फोन जाईल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. आमच्यासारख्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. बाहेरगावचा पर्यटक गोव्याला खेपा घालत बसणार नाही, या हिशेबावर चालणाऱ्यांना ही शेवटची तरतूद अडचणीची ठरते. दादाने कोल्हापुरातच तक्रार दाखल केली. नोटीस पोहोचताच त्या गृहस्थाचा फोन आला, निम्मी रक्कम देतो, तक्रार मागे घ्या. दादाने नकार दिला, आणि म्हापसा व बेळगावच्या कुटुंबांनीही आता आपापल्या तक्रारी तयार केल्या आहेत.

निळ्या गादीवरची ही काटकोनी फाट आणि तीन पांढरे टाके दाखवून ज्यांच्याकडून पैसे घेतले गेले असतील, त्यांनी मूळ छायाचित्रे मोबाइलमधून पुसू नयेत. पुढे पाठवलेल्या प्रतीत तारीख व वेळेची नोंद बहुधा राहत नाही, मूळ फाइलमध्ये ती राहते, आणि फाट जुनी आहे हे सिद्ध करायला तीच नोंद लागते.