कोशित्से: पूर्व स्लोव्हाक संग्रहालय की कुन्स्थाले?

स्लोव्हाकियाच्या पूर्वेकडच्या कोशित्से शहरात अर्धाच दिवस हाती असेल, तर हे संग्रहालय आणि कुन्स्थाले हे कलादालन यातलं एकच नीट पाहून होईल.

पूर्व स्लोव्हाक संग्रहालयाची स्थापना १८७२ ची. इथला मानाचा ऐवज म्हणजे कोशित्सेचा सुवर्णठेवा: १५ ते १७ व्या शतकातली २,९२० सोन्याची नाणी, पदकं आणि एक सोनसाखळी. १९३५ मध्ये मुख्य रस्त्यावरच्या एका इमारतीचं काम चालू असताना मजुरांना हे धन सापडलं. युरोपभरच्या टांकसाळींची नाणी इथे एकत्र पाहिली की हे शहर व्यापाराने किती दूरवर जोडलेलं होतं ते लगेच कळतं. आवारात कोझुखोव्त्से गावातून आणलेलं १८ व्या शतकातलं लाकडी चर्चही उभं आहे. ते चुकवू नका. मला तर ते सोन्याइतकंच मोलाचं वाटतं.

कुन्स्थाले अगदी वेगळी. १९६० च्या दशकातल्या बंद पडलेल्या जलतरण तलावाची ही इमारत. २०१३ मध्ये कोशित्से युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, तेव्हा नगरीने ती पाडण्याऐवजी कलादालन म्हणून पुन्हा उघडली. जुनी लष्करी बराकही त्याच सुमारास कुल्टूरपार्क हे सांस्कृतिक केंद्र झाली. कुन्स्थालेतली प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे जाण्यापूर्वी काय चालू आहे ते बघा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने संग्रहालय निवडावं. समकालीन कलेची किंवा वास्तुरचनेची ओढ असेल, तर मात्र कुन्स्थाले.