शिक्षेनंतर नवा पुरावा सापडला, तर कोणते दार ठोठवावे?

शिक्षा होऊन गेल्यावर कुणाच्या हाती एखादे सीसीटीव्ही चित्रण किंवा इस्पितळातला जुना केसपेपर लागतो, आणि घरच्यांना वाटते, त्याच न्यायाधीशांना दाखवला की झाले. तसे होत नाही. सही झालेल्या निकालात ते न्यायालय लेखनातली किंवा आकड्यांची चूक सुधारू शकते, बाकी काही नाही.

माझे मत स्पष्ट आहे: अपिलाची वाट खुली असेल तर दुसरीकडे धावू नका. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर साधारणपणे सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील होते, सत्र न्यायालयाच्या निकालावर गोव्यात पर्वरीच्या उच्च न्यायालयात ६० दिवसांत. फाशी असेल तर ३०. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत द्या. अपिलात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३९१) जादा पुरावा घेण्याची मागणी करता येते. न्यायालय साक्ष स्वतः नोंदवते किंवा खालच्या न्यायालयाकडून नोंदवून घेते, आणि सरकारी वकिलांना उलटतपासणी घेता येते. पुरावा असा पारखला गेला तरच त्याला वजन येते. कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती आणि जामीनही तिथेच मागायचा.

अट मात्र कडक. पुरेशी खटपट करूनही खटल्यात हा पुरावा आणता आला नाही, किंवा ती गोष्ट नंतरच उजेडात आली, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच बजावले. वकिलाकडे कागद आधीपासून पडून असेल तर अर्ज टिकणे कठीण.

सत्र न्यायालयाने अपील फेटाळले असेल तर ९० दिवसांत पर्वरीला पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करता येतो. तिथेही जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे, हे फार जणांना ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयातले पुनर्विलोकन (रिव्ह्यू) त्यामानाने अरुंद: फौजदारी प्रकरणात निकालावर उघड दिसणारी चूकच चालते, मुदत ३० दिवस. राज्यपालांकडे अनुच्छेद १६१ खाली दयेचा अर्ज केव्हाही जातो. पुरावा नव्याने तपासून न्यायालयापेक्षा वेगळे मत बनवण्याची मुभा दयेचा अधिकार वापरताना असते, हे १९८८ पासून मान्य आहे. पण तिथे साक्षी होत नाहीत, आणि शिक्षा माफ झाली तरी दोषी ठरवणारा निकाल रद्द होत नाही. निर्दोष माणसाने आधी इथे जाऊ नये.

एकच पुरावा सगळ्या मुदती ओलांडतो: गुन्ह्याच्या वेळी आरोपी १८ वर्षांखालचा होता, हा. १९९४ च्या पुण्यातल्या खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस २०२३ मध्ये शाळेच्या नोंदीवरून सुटला, २८ वर्षे तुरुंगात काढून.

आपला माणूस कोलवाळच्या तुरुंगात असेल तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. चित्रण असेल तर ते पुसले जाण्याआधी मूळ यंत्रासकट जपायला सांगा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र घ्या. निकालाची प्रमाणित प्रतही त्याच दिवशी मागा.