आयडी घेतला आणि दुधाचं बिल अडकलं

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्यानंतर ज्यांना ज्यांना व्हॉट्सॲपवर ‘तुमचं ॲप बंद झालं? आमच्याकडे आयडी घ्या, पैसे सेफ’ असा मेसेज (आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं) आला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या भाच्याला तो सप्टेंबरमध्ये, आशिया चषक चालू असताना आला. त्याचे १ लाख ८५ हजार रुपये गेले. पैसे गेल्यावर जे सुरू झालं ते जास्त वाईट आहे, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. बहिणीला आणि त्याला विचारूनच लिहितोय. नावगाव देत नाही.

भाचा कराडच्या बाजूला असतो. बी.कॉम. झालाय, घरी थोडा ऊस, गोठ्यात म्हशी. तो जुगारी नव्हता. मॅचच्या दिवशी ४९ रुपये लावून फँटसी टीम बनवायची (खरे खेळाडू आपण निवडायचे, ते मैदानात खेळतील तसे आपल्याला गुण), एवढाच नाद. त्याला ते बेकायदेशीर वाटायचं काही कारणही नव्हतं. २०२३ पासून आपल्या क्रिकेट संघाच्या जर्सीवरच अशा कंपनीचं नाव होतं, मोठमोठे खेळाडू जाहिराती करायचे, शेवटी कोणीतरी ‘सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा’ असं एका दमात म्हणून टाकायचं. ऑगस्टमध्ये त्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. सवय मात्र पोराच्या अंगात राहिली, आणि तिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक टपूनच बसलं होतं.

मेसेज करणाऱ्याने सांगितलं, आपली साइट विदेशातली आहे, कुरासाओ नावाच्या कॅरिबियन बेटाचा परवाना आहे, भारताचा कायदा लागू होत नाही. हे धडधडीत खोटं आहे. नवा कायदा परदेशातून इथल्या लोकांना असे खेळ पुरवणाऱ्यांनाही लागू आहे. पण साइट दिसायला चकाचक, स्कोअर लाइव्ह, भाव हलताना दिसतोय. कमीत कमी ५०० रुपये भरा, वर बोनस. भरायचे कसे, तर व्हॉट्सॲपवर क्यूआर येणार. भाच्याने फोन माझ्या हातात दिला तेव्हा मी ते सगळे क्यूआर ओळीने पाहिले. प्रत्येक वेळी वेगळा, प्रत्येकावर वेगळ्याच माणसाचं नाव, एक कुठल्या तरी लेडीज टेलरच्या दुकानाचा. मी पतसंस्थेत नोकरी करतो, खाती रोज बघतो. खरा धंदा करणारी कंपनी दर चार दिवसांनी नवं खातं देत नाही. ही भाड्याची खाती असतात. एखाद्या गरजू पोराला किंवा बाईला थोडे पैसे द्यायचे आणि तिचं पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड सगळं ताब्यात घ्यायचं, असा हा व्यवहार चालतो.

सुरुवातीला पैसे मिळतात, हे नीट लक्षात ठेवा. भाच्याने तीन हजार काढायला टाकले आणि अर्ध्या तासात खात्यात आले. तिथेच त्याचा विश्वास बसला. मग दहा हजार, मग वीस. मधे मॅच नसेल तेव्हा विमानाचा खेळ, लाल-हिरव्याचा खेळ, दिवसरात्र चालू. बायकोचं गंठण सोनेतारणात गेलं ते याच काळात, तिला न सांगता. २८ सप्टेंबरला भारताने दुबईत पाकिस्तानला हरवून चषक जिंकला, त्या रात्री त्याच्या आयडीत ४ लाख ६० हजार शिल्लक दिसत होती. त्याने ती काढायला टाकली आणि गाडी अडली. ‘विथड्रॉवल प्रोसेसिंग’, दोन दिवस तेच. मग मेसेज आला: ‘सर जी, गव्हर्नमेंट का थर्टी पर्सेंट टैक्स पेंडिंग है, क्लियर करते ही पूरा अमाउंट रिलीज.’

तेव्हा त्याने मला फोन केला. “मामा, आठ दिवसांसाठी १ लाख ३८ हजार द्या, साडेचार लाख सुटतायत.”

ज्याच्या घरी असा फोन येईल त्याने इथे थांबावं. ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे, ही गोष्ट खरी आहे, एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे. पण टीडीएस म्हणजे देणाऱ्याने रक्कम देताना कापून घ्यायचा कर. तो आधी आपल्या खिशातून कोणाच्या तरी क्यूआरवर भरायचा नसतो. चोरांनी खऱ्या नियमाचा आकडा उचलला आणि त्याची खंडणी केली. मी भाच्याला एवढंच टाइप करायला लावलं: ‘टॅक्स माझ्या रकमेतून कापा आणि उरलेले द्या.’ पाच मिनिटांत नंबर ब्लॉक, आयडी बंद. ते ४ लाख ६० हजार कधी कुठे नव्हतेच, कोणीतरी मागे बसून स्क्रीनवर टाकलेला तो आकडा होता. त्या आकड्याच्या जोरावरच त्याने शेवटचे ऐंशी हजार भरले होते.

त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. भाचा आधी तयार नव्हता. “मामा, मीच जुगार खेळलोय, मलाच आत टाकतील.” चोरांचा सगळा डाव या भीतीवर उभा असतो. ऑगस्टच्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला (तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड), जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. आणि १९३० वर वेळेला फार किंमत आहे. पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तोवरच ते गोठवता येतात. भाच्याचे बरेचसे तोवर पुढे निघून गेले होते. शेवटच्या भरण्यातली थोडी रक्कम एका खात्यात अडकवता आली, ती अजून मिळायची आहे.

आता दुधाच्या बिलाचं. पुढच्या आठवड्यात दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल खात्यावर जमा झालं आणि भाचा पैसे काढायला गेला तर निघेनात. बँकेत कळलं, खात्यावर लियन लागलंय, म्हणजे पैसे काढायला रोख, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून. का? तर सुरुवातीला जे तीन हजार ‘जिंकून’ आले होते ते साइटचे नव्हतेच. ते दुसऱ्याच कोणा फसलेल्या माणसाचे होते, त्याच भाड्याच्या खात्यातून फिरून आलेले. त्या माणसाने तक्रार केली, पोलीस पैशाच्या मागावर निघाले आणि आमच्या दारात आले. म्हणजे एका गुन्ह्यात भाचा फिर्यादी आणि दुसऱ्यात संशयित. पेंडवाल्याची उधारी वाढत गेली, बहिणीने बचत गटातून पैसे उचलले. तिकडच्या तपास अधिकाऱ्याला आमच्या तक्रारीचा क्रमांक, सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट, खातेउतारा, दूध संस्थेचा दाखला पाठवून पाठवून आता कुठे बँकेने वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकी खातं मोकळं केलंय. ज्यांनी जिंकलेले पैसे खात्यावर घेतलेत त्यांनी हे वाचून ठेवा. जिंकलात तरी फसलेले आहात.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार शून्य, पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावाच लावता येत नाही. तेव्हा ‘साइटवर केस करू’ हा विचार सोडा. तक्रार करायची ती फसवणुकीची.

आमच्या घरी यावरून भांडण झालं ते मी इथे मांडतो, कारण तसं घरोघरी होत असणार. माझा पुण्याचा मेहुणा म्हणतो, बंदीच चुकीची. कायदेशीर ॲप चालू असती तर पोरगा ४९ रुपयांत सुखी होता, बंदीने त्याला चोरांच्या दारात ढकललं. विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात म्हटलंच होतं, पूर्ण रोखता येत नसेल तर नियमन करा. सरकारला २८ टक्के जीएसटी मिळत होता तो गेला. आणि गोव्यात मांडवीवर कसिनो चालतात ते चालतात.

त्याच्या म्हणण्यात वजन आहे, मी ते झटकून टाकत नाही. पण जरा मागे जाऊन बघा. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला खोट्या बेटिंग ॲपवर ५८ कोटींना बुडवल्याचं प्रकरण, ज्यात गोंदियात बुकीच्या घरी छापा पडून कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं, ते जुलै २०२३ चं. महादेव या बेटिंग ॲपवर ईडीच्या धाडी पडल्या त्या २०२३ च्या. सचिन तेंडुलकरचा चेहरा आणि आवाज चोरून गेमिंग ॲपची खोटी जाहिरात फिरली ती जानेवारी २०२४ ची. तेव्हा कुठे होती देशभर बंदी? फँटसीच्या कंपन्या जोरात होत्या, टीव्हीवर जाहिराती होत्या, आणि त्यांच्या शेजारीच चोरांचं दुकान तितक्याच जोरात होतं. उलट त्या जाहिरातींनीच लोकांची भीड चेपली. ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, परवाने आहेत, आयोग आहे, तरी २०२० मध्ये त्यांना क्रेडिट कार्डाने जुगार खेळणं बंद करावं लागलं. गोव्यातही सरकारने त्याच वर्षी स्थानिकांना कसिनोत जायला मनाई केली. जिथे चालतं तिथेही घरच्या माणसाला त्यापासून लांबच ठेवावंसं वाटतं. म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे.

फक्त बंदी साइटवर घालून भागत नाही. एक साइट बंद केली की एका अक्षराच्या फरकाने दुसरी उघडते. बदलायला अवघड असतं ते बँक खातं, कारण त्यामागे आधार आहे, पॅन आहे, फोटो आहे, कोण्या शाखेने केलेली केवायसी आहे. टेलरच्या खात्यात एका रात्रीत शंभर अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि पहाटेपर्यंत खातं रिकामं होतं, हे त्या बँकेच्या संगणकाला दिसत नाही? माझ्या छोट्या पतसंस्थेत असं झालं तर मॅनेजर दुसऱ्या दिवशी खातेदाराला बोलावतो. ऑगस्टच्या कायद्यात पैसे पोचवणाऱ्यांनाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली आहे. ती एका जरी ठिकाणी लागू झालेली मला बघायची आहे.

परवा भाच्याला नवा फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १ लाख ८५ हजार मंजूर झालेत, फाइल चार्ज साडेसात हजार.’ आकडा बरोबर होता, कारण फोन त्याच टोळीचा असणार. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. भाच्याने यावेळी नंबर ब्लॉक केला नाही, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो जुन्याच तक्रारीला जोडायला पोलीस ठाण्यात नेऊन दिला. तुम्हालाही असा फोन आला तर तेच करा.