बिनानावाची पल्सर कॉइल: माल चांगला, वायरी उलट्या

यवतमाळ-वणीकडच्या स्पेअरच्या दुकानांत पांढऱ्या पुडक्यात दोन वायरींची पल्सर कॉइल, म्हणजे इंजिन कुठवर फिरलं ते सांगणारी कॉइल, मिळते. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलेल्या, प्रोग्रामेबल सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा डबा) लावलेल्या मोटरसायकलींत तीच बसवून राहिले सगळे. कॉइल दमदार आहे. मे महिन्याच्या 45 अंशांतही सिग्नल सोडत नाही. खोट एकच, पण महागात पडणारी: दोन्ही वायरी काळ्या, अन् कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) कोणती कुठं जाईल याचा नेम नाही.

मॅग्नेटवरच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकावरच्या) लांब पट्टीचं पुढचं टोक कॉइलसमोर आलं की एक झटका निघतो, मागचं टोक गेलं की उलट्या दिशेचा दुसरा. बऱ्याच सीडीआय पहिल्या झटक्यावरून अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पाडायची ते) मोजतात आणि किक मारताना दुसऱ्यावर ठिणगी देतात. वायरी उलटल्या की हा हिशोबच फिरतो. किकला ठिणगी लवकर पडते, पाय झटकून टाकते. गाडी चालू झालीच तर रेसमध्ये टायमिंग जवळपास पट्टीच्या लांबीएवढं मागे पडतं: ताकद नाही, सायलेन्सर लाल, वर बॅकफायर. मग लोक कार्बोरेटर उघडत बसतात. जेट बदलून हे सुधरत नाही बाप्पा!

दुकानदार ओहम मोजून “ओके” म्हणतो, त्यात अर्थ नाही. वायरी कशाही धरा, ओहम तेवढेच येतात. काट्याचा मीटर घ्या, डीसी व्होल्टच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा. जुन्या कॉइलच्या लोखंडी टोकाजवळ पेचकस झटकन न्या आणि काटा कोणीकडे उडाला ते पाहा. पेचकस दूर नेताना तो उलटा जातो, तिकडे लक्ष देऊ नका. नव्या कॉइललाही, मीटरच्या वायरी कपलरच्या त्याच पिनांना लावून, तसंच करा. काटा उलटा उडाला तर कपलरची कुलुपपट्टी बारीक पेचकसानं दाबून दोन्ही पिना काढा, अदलाबदल करून बसवा. वायर कापू नका. काळ्या मातीचा चिखल त्या जोडात शिरला की मिसिंग सुरू.

कॉइल आणि पट्टीमधली गॅप गाडीच्या मापाप्रमाणे फिलर गेजनं बांधा. शेवटी टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकणारा दिवा) लावाच: आयडलला मॅग्नेटवरची एफची खूण समोर, रेस वाढवली की खूण अॅडव्हान्सच्या रेघांकडे सरकून तिथंच थांबली पाहिजे. नाचत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

मीटर आणि टायमिंग लाइट हाताशी असेल तर ही कॉइल बिनधास्त घ्या. एका वायरची मात्र सांभाळून: तिचं दुसरं टोक बॉडीला असतं, पिना बदलता येत नाहीत. उलटी निघाली आणि सीडीआयमध्ये एज (कोणता झटका पहिला धरायचा ते) बदलायची सेटिंग नसेल, तर त्याच दिवशी परत करा.