निओडिमियम की प्रासिओडिमियम? एका नावाखाली दडलेली जुळी भावंडं

स्वीडनच्या मोसांडरनं 1841 मध्ये 'डिडिमियम' शोधलं, म्हणजे जुळं. नाव भलतंच खरं ठरलं! पुढची चाळीसेक वर्षं ते एकच मूलद्रव्य मानलं गेलं. 1885 मध्ये व्हिएन्नात आउअर फॉन वेल्सबाखनं त्याचे नायट्रेट क्षार पुन्हा पुन्हा स्फटिकवले, तेव्हा एका भांड्यात हिरवे स्फटिक उरले, दुसऱ्यात गुलाबी-जांभळे. हिरवं ते प्रासिओडिमियम (अणुक्रमांक 59), दुसरं निओडिमियम (60).

धातू म्हणून दोघांत डावं-उजवं करणं अवघड. दोन्ही रुपेरी, मऊसर, हवेत काळवंडणारे. प्रासिओडिमियमवर हिरवट पापुद्रा धरतो, तो गळून पडतो आणि आतला धातू पुन्हा उघडा. म्हणून तो तेलात बुडवून ठेवतात. तो साधारण 930 अंशांना वितळतो, निओडिमियमला हजाराच्या वर न्यावं लागतं.

कामाच्या बाबतीत मात्र निओडिमियम सरळ बाजी मारतं. लोह आणि बोरॉनसोबत त्याचं चुंबक इतकं जबर, की दोन तुकड्यांत बोट सापडलं तर रक्त निघेल. लेझरमध्येही तेच. प्रासिओडिमियमच्या वाट्याला सिरॅमिकचा सुंदर पिवळा रंग आला.

गंमत अशी, की चुंबकासाठी बरेचदा दोघांना वेगळं करतच नाहीत. वेगळं करणं महाग पडतं. काच फुंकणाऱ्यांच्या चष्म्यातही दोघं एकत्रच, ज्योतीतला सोडियमचा पिवळा झगमगाट गिळत.