धम्म मालवा, इंदूर: दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, पहिल्यांदाच ध्यान शिकणाऱ्यांसाठी

जानेवारीत शिबिर करून आले तेव्हापासून ऑफिसात, बिल्डिंगमध्ये सगळ्या विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहिते. जागा हातोद रोडवर, गोम्मटगिरीसमोर, पितृ पर्वतावर हनुमानाच्या दर्शनाला गेला असाल तर रस्ता माहीतच आहे. याआधी माझा ध्यानाचा अनुभव शून्य, आजी पहाटे जपमाळ घेऊन बसायची ते लहानपणी बघितलेलं, तेवढंच.

गेले ती झोपेपायी. मी सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, रिटर्नच्या सीझनमध्ये रात्री अडीचला जाग यायची आणि मग डोक्यात चक्र सुरू, कोणाची फाईल राहिली, मुलाची फी, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, चार वर्षांपूर्वी लग्नात कोण काय बोललं होतं ते सुद्धा. त्याच्या आधी एक ध्यानाचं अ‍ॅप घेतलं होतं वर्षाचे पैसे भरून, नाव नाही घेत. पाण्याचा आवाज, गोड आवाजात सूचना, दहा मिनिटं बरं वाटायचं पण फोन हातातच ना, ध्यान संपलं की बोट सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर. वर एखादा दिवस चुकला की नोटिफिकेशन यायचं आज तुम्ही बसला नाहीत म्हणून, त्याचंच टेन्शन यायला लागलं, मग रिन्यू नाही केलं.

इथे पहिल्याच संध्याकाळी फोन जमा करतात. पुस्तक, वही, पेन पण नाही. आणि आपल्याकडच्या बायकांनी हे आधीच समजून घ्या, की जपमाळ, पोथी, उदबत्ती, उपास, काहीच नाही त्या दहा दिवसांत. माझी मध्येच तिळ चतुर्थी आली, दरवर्षी खजराण्याच्या गणपतीला जाते, उपास कधी चुकवलेला नाही, मनाला फार लागलं. तिथल्या आचार्यांना दुपारी भेटून विचारलं (दुपारी प्रश्न विचारता येतात), त्या म्हणाल्या तुमची श्रद्धा सोडा असं कोणी म्हणत नाहीये, पण दोन गोष्टी एकत्र केल्या तर कशाने काय झालं ते तुम्हालाच कळणार नाही, दहा दिवस फक्त ही पद्धत करून बघा. मला पटलं ते. मनातल्या मनात गणपतीला नमस्कार केला आणि अकरा वाजता जेवले.

दिवस असा की पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ, मग रात्री काही नाही, साडेनऊला दिवे बंद. बोलणं नाही, खुणा नाहीत, नजरेला नजर पण नाही, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत. जेवण साधं सात्त्विक, भुकेचा त्रास मला दुसऱ्या दिवसापर्यंतच झाला. म्हणायला दहा दिवस, सुट्टी मात्र बाराची टाका, आदल्या दिवशी जायचं आणि अकराव्या सकाळी सुटतं.

शिकवणं सगळं गोएंकाजींच्या रेकॉर्डिंगवर. सत्यनारायण गोएंका, १९२४ साली मंडालेत जन्मले, व्यापारी माणूस, मायग्रेनने हैराण होऊन तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि मग १९६९ पासून भारतात शिकवायला लागले. २०१३ मध्ये गेले, पण रोज संध्याकाळी सव्वा तास प्रवचन ऐकताना समोर बसून बोलतायत असंच वाटतं. दिवसभर तुम्हाला जे झालेलं असतं तेच ते संध्याकाळी सांगतात, त्याने फार धीर यायचा.

आता मुख्य. पहिले तीन दिवस फक्त श्वास, त्याला आनापान म्हणतात. प्राणायाम नाही हं, श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, कुठलं नाव जोडायचं नाही, जसा येतो जातो तसा नुसता बघायचा. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या दिवशी माझे सलग तीन श्वास होत नव्हते, मन लगेच ऑफिसातलं हिशोबाचं टॅली उघडून बसायचं. मला वाटलं होतं ध्यान म्हणजे विचार बंद. तसं नाहीच, मन पळालं हे लक्षात आलं की न चिडता परत आणायचं, हेच काम, दिवसातून हजारदा. जागा हळूहळू छोटी करत नेतात, शेवटी नाकाखाली वरच्या ओठाच्या वर एवढीशीच. तिसऱ्या संध्याकाळी तिथे श्वास घासून गेलेला मला खरंच कळला, डोळ्यात पाणी आलं.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात, डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं आणि जी संवेदना असेल ती फक्त बघायची, चांगली असो वाईट असो. तेव्हापासून रोज तीन वेळा एक एक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचं, अधिष्ठान. माझा डावा गुडघा विसाव्या मिनिटाला पेटायचा. दोन दिवस मी दात आवळून घड्याळाची वाट बघितली, त्याला काही अर्थ नव्हता. सहाव्या दिवशी दुपारी सांगितलं होतं तसं नुसतं बघितलं, तर ते एकसंध दुखणं नव्हतंच, कधी ठणका, कधी गरम, कधी मुंग्या, सारखं बदलत होतं, आणि त्याच्यावर बसलेली "अजून चाळीस मिनिटं कशी जाणार" ही भीती वेगळीच होती. भीती उतरली, गुडघा दुखतच राहिला, आणि मी बसू शकले. अडीच वाजताच्या चक्राचं पण हेच आहे हे मला त्या रात्री कळलं, छातीत घट्ट होतं आधी, विचार त्याच्यावर येऊन बसतात.

आता तीन महिने झाले. सकाळ संध्याकाळ एक एक तास बसायला सांगतात, माझं तेवढं होत नाही, सकाळी नर्मदेच्या पाण्याचा नळ यायच्या आधी अर्धा तास बसते. जाग अजूनही येते कधी कधी, पण मी उठून फोन घेत नाही, पडल्या पडल्या श्वास बघते आणि बहुतेक वेळा झोप लागते. ऑफिसात आवाज चढतो पण लवकर लक्षात येतं.

फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत, आणि एक शिबिर पूर्ण झाल्याशिवाय दानही घेत नाहीत. डिप्रेशन वगैरेची ट्रीटमेंट चालू असेल तर फॉर्ममध्ये खरं खरं लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला, दहा दिवस मौनात सगळं वर येतं, हे हलक्यात घेऊ नका. ज्यांना घर सोडून दहा दिवस जमणारच नाही त्यांनी मिनी आनापान, म्हणजे श्वास बघण्याचाच छोटा सराव, करून बघा, दहा मिनिटांचं आहे.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, लवकर भरा. थंडीत जाणार असाल तर जाड शाल आणि पायमोजे न्या, पहाटे चारला हॉलपर्यंत चालत जाताना गारठा फार. मांडी घालता येत नसेल तर संकोच न करता खुर्ची मागा, आमच्या हॉलमध्ये मागे काही काकू खुर्चीवरच बसायच्या, सगळे दिवस बसल्या. आईंना पण ऑपरेशननंतर जायचंय, त्यांना मी हेच सांगून ठेवलंय.