बसण्याची जागा: ठाणे स्थानकाजवळची एक परमिट रूम

मराठीत ‘दारू प्यायला चल’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘बसू या’ म्हणतात. काय प्यायचे आणि किती, याचा त्यात उल्लेखही नसतो. ठाणे पश्चिमेला, स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या ज्या परमिट रूमविषयी मी लिहीत आहे, तिची पारख मला याच क्रियापदाच्या कसोटीवर करायची आहे. नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि गल्ल्यावरच्या अण्णांशी असलेले संबंध मला बिघडवायचे नाहीत.

आमचा गट गाडीतला. सकाळच्या एकाच जलद लोकलने मुंबईला जाणारे आम्ही सहा जण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी परतताना येथे बसत असू. एकमेकांचे साहेब, मुलांचे मार्क, गुडघेदुखी हे सारे आम्हाला पाठ होते. घराचा पत्ता मात्र कोणालाच ठाऊक नव्हता, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि त्याबरोबर हा गटही नाहीसा झाला. मे महिन्यात राज्यात दारूची दुकाने उघडू लागली, पुढे घरपोच सेवाही आली. म्हणजे प्यायची सोय झाली, पण बसण्याची झाली नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोनदा प्रयत्न केला. एकाच्या मागून त्याची आई देवघरात निरांजन घेऊन गेली, तेव्हा त्याने ग्लास इतक्या घाईने खाली ठेवला की पुढचा अर्धा तास तो कीबोर्डच पुसत होता. तिसऱ्यांदा कोणी फोन लावला नाही.

५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातील हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. लोकल सर्वसामान्यांसाठी अजून बंदच होती, त्यामुळे त्या महिन्यात आम्ही स्कूटरने आणि रिक्षाने, म्हणजे मुद्दाम ठरवून तेथे गेलो. दारात कपाळावर तापमापक रोखला गेला, हातावर सॅनिटायझर ओतले गेले आणि एकाआड एक खुर्चीवर लाल चिकटपट्टीची फुली दिसली. मेन्यूकार्डाच्या जागी क्यूआर कोड आला होता. तो आमच्यापैकी दोघांना उघडेना, तेव्हा जुन्या वेटरने चेहऱ्यावरची प्लास्टिकची ढाल वर सरकवून अख्खे कार्ड तोंडपाठ म्हणून दाखवले. शेंगदाण्यांचा सामाईक वाडगा जाऊन प्रत्येकासमोर वेगळी वाटी आली होती. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, त्यावरून या जागांना परमिट रूम म्हणतात. त्या संध्याकाळी मात्र परवाना मिळाला होता तो समोरासमोर बसण्याचा.

आमच्यातील एकाचे वडील ऑगस्टमध्ये कोविडने गेले होते. अंत्यसंस्काराला कोणी जाऊ शकले नव्हते, आणि घरच माहीत नसल्याने नंतर भेटायला जाणेही राहून गेले होते. त्याने वर्षभर दारू सोडली असल्याचे सांगितले आणि फ्रेश लाइम सोडा मागवला. वेटरने तो आणला, ‘साहेब, मीठ की साखर?’ एवढेच विचारले, आणि त्यानंतर त्या टेबलाकडे जवळजवळ तासभर कोणी ‘रिपीट?’ विचारायला फिरकले नाही. बारमध्ये सांत्वनाला बसणे विचित्र वाटेल, पण त्याच्याजवळ बसण्यासाठी आमच्याकडे दुसरी जागाच नव्हती. उत्तम सेवा कशाला म्हणतात, हे मी त्या तासावरून ठरवतो.

डिसेंबरात महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ अशी संचारबंदी लागली आणि ३१ डिसेंबर तिच्यातच सापडला. अण्णांनी शेवटची ऑर्डर दहाला घेतली, साडेदहाला सगळे दिवे क्षणभर मालवून पुन्हा लावले आणि गल्ल्यावरून ‘हॅपी न्यू इयर, आता बिल’ असे ओरडले. २०२० चे बारा आम्ही साडेदहालाच वाजवले, आणि त्या वर्षाच्या बाबतीत ती घाई कोणालाच खटकली नाही.

आता तक्रारी. सुरुवातीचे कित्येक आठवडे वातानुकूलित कक्ष खिडक्या बंद ठेवून चालवला जात होता. खाता-पिताना मास्क उतरतोच, मग ग्राहकांना किमान मोकळी हवा तरी द्यायला हवी होती. फुल्या मारलेल्या खुर्च्यांनी ती उणीव भरून निघत नव्हती, आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, भेटीच्या आनंदात तिकडे काणाडोळा केला. दोन महिने बिलात ‘सॅनिटायझेशन’च्या नावाखाली माणशी वीस रुपये लावले जात होते, ते विचारणा केल्यावर बंद झाले. पनीर चिली तेव्हाही पिठूळ होते, आजही आहे. एप्रिल २०२१ पासून पुन्हा फक्त पार्सल मिळू लागले, तेव्हा आम्ही एकदा सुरमई मागवली. डब्यातल्या वाफेने तिचा रवा पार मऊ पडला होता.

एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध संपले. टेबले पुन्हा एकमेकांना खेटली आहेत, टीव्हीचा आवाज वाढला आहे, फुल्यांच्या चिकटपट्टीचे डाग काही खुर्च्यांवर अजून दिसतात. शेंगदाण्यांच्या वेगळ्या वाट्या तेवढ्या टिकल्या, आणि त्या टिकाव्यात असे मला वाटते. कुटुंबासह जाण्यासारखी ही जागा नाही, जिनाही अंधारा आहे. दोघा-चौघांना बोलायचे असेल, तर खिडकीकडची तीन टेबले चांगली, मात्र तेथे साडेसातच्या आत पोहोचावे लागते, कारण फोनवर टेबल राखून ठेवत नाहीत. सुरमई तव्यावरची मागवावी आणि तेथेच खावी.